वाचकांचे प्रश्न : छोट्या डोंगरावरचे मध्यम उतार

हिवाळा तोंडावर आला की स्कीइंगविषयीच्या पत्रांची संख्या वाढते. या खेपेच्या बहुतेक पत्रांमध्ये प्राथमिक शिक्षण पार पडलेल्या, परंतु पुढे नेमके कुठे आणि कोणत्या उतारावर जावे हे ठरत नसलेल्या वाचकांची अडचण दिसते. त्यांतील सहा पत्रांची उत्तरे येथे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : गेल्या फेब्रुवारीत मी औली येथे सात दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. स्नोप्लाऊने (स्कीची पुढची टोके जवळ आणून मागची फाकवून) थांबता येते आणि दोन्ही बाजूंना वळताही येते. यंदा पुन्हा औलीला जावे की गुलमर्गला? औली फारच लहान आहे, तेथे मध्यम पातळीचे मार्गच नाहीत, असे मित्रांचे म्हणणे आहे. सह्याद्रीत नियमित भटकंती करत असल्याने मला उताराची भीती वाटत नाही. (एक वाचक, पुणे)

आपल्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील औलीचा स्कीचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर आहे. परदेशी केंद्रांच्या नकाशांवर दिसते तसे नावे आणि रंग दिलेल्या मार्गांचे जाळे तेथे नाही. सुमारे १,३०० मीटर लांबीचा एक मुख्य उतार, त्याच्या आजूबाजूचे सरावाचे पट्टे, सुमारे ८०० मीटरची एक चेअरलिफ्ट आणि तिच्याहून लहान अशी जमिनीवरून ओढत नेणारी लिफ्ट, एवढाच तेथील पसारा. मात्र हा मुख्य उतार आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, म्हणजे ‘फिस’च्या, मान्यतेचा आहे आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांतील हिमस्पर्धा तेथेच झाल्या होत्या. स्पर्धेसाठी जो उतार पुरेसा ठरला, तो दुसऱ्या हंगामातील स्कीपटूला अपुरा पडेल असे मानण्याचे कारण नाही. तो कोणत्या रेषेने आणि किती वेगाने उतरायचा एवढाच प्रश्न उरतो.

या पायरीवर छोटे केंद्र मोठ्या केंद्रापेक्षा अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. मोठ्या डोंगरावर दुसऱ्या वर्षाचा स्कीपटू नकाशा पाहत, नवनवे मार्ग ‘करून टाकत’ फिरतो आणि प्रत्येक मार्गावर तीच जुनी, अर्धवट वळणे घेत खाली येतो. एकाच उताराची सकाळपासून दुपारपर्यंत आवर्तने करताना मात्र तिसऱ्या फेरीपासून उतार पाठ होतो, तो कुठे सपाट होतो आणि कुठे एकदम वाकतो हे पायांना कळते, आणि मग लक्ष रस्त्यावरून निघून स्वतःच्या वळणांकडे जाते. प्राथमिक पातळीवरून मध्यम पातळीवर जाण्यासाठी नेमके हेच व्हावे लागते.

तेव्हा आधी स्वतःची परीक्षा घ्या. बेताच्या उतारावर दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवून उभे राहा, गुडघे दरीच्या बाजूला किंचित झुकवून स्कीच्या कडांची बर्फावरील पकड सैल करा आणि स्की आडव्याच ठेवून पाच-सहा मीटर खाली घसरून थांबा. तोंड दुसऱ्या बाजूला करून पुन्हा तसेच करा. याला साइड स्लिप म्हणतात. ज्याला हे दोन्ही बाजूंनी जमते, तो उतार अचानक अंगावर आला तरी अडकून पडत नाही. दुसरी कसोटी वळणाची आहे. वळण घेत असताना आतल्या स्कीचे शेपूट बर्फापासून दोन बोटे उचलून पाहा. वळण संपेपर्यंत ते उचललेले राहिले, तर आपले वजन बाहेरच्या स्कीवर आहे, म्हणजे जेथे असायला हवे तेथेच आहे. ते धप्‌कन खाली आले, तर आपण अजून दोन्ही पायांवर अंग विभागून, स्नोप्लाऊच्या भरवशावर वळत आहात असे समजावे. त्यात कमीपणा काही नाही, पण मध्यम उतारावर स्नोप्लाऊने वेग आवरायला गेल्यास मांड्या दहा मिनिटांत भरून येतात आणि त्यानंतर स्की जातील तिकडे माणूस जातो.

उताराच्या भीतीविषयी आपण लिहिले आहे, त्यावर थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्या ट्रेकरांमध्ये एक दोष हमखास आढळतो. मुरमाड घसाऱ्यावरून उतरताना आपण अंग मागे टाकतो, गुडघे वाकवून जवळजवळ बसतो आणि हात टेकायला तयार ठेवतो. तेथे ते बरोबरही असते. स्कीवर मात्र हीच सवय घातक ठरते. अंग मागे गेले की स्कीची पुढची टोके हलकी होतात, वळण घेईनाशी होतात आणि वेग वाढतो, वेग वाढला की माणूस आणखी मागे झुकतो. उतार जितका तीव्र, तितके अंग पुढे, दरीच्या बाजूला न्यावे लागते, आणि हे मनाला पटवणे शरीराला पटवण्यापेक्षा सोपे असते. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर सतत दाबलेली आहे की नाही, एवढी एकच गोष्ट तपासत राहा. नडगी आणि जीभ यांच्यात पोकळी जाणवली की आपण घसाऱ्यावर आहात असे समजून पुढे या.

वेग आवरण्याचे खरे साधन म्हणजे पूर्ण केलेले वळण. बहुतेकजण स्की उताराच्या दिशेने वळल्यावर घाबरून लगेच दुसऱ्या बाजूला झटका देतात. त्याऐवजी वळण तसेच चालू ठेवावे, स्की पार आडव्या होऊन किंचित वर चढू लागेपर्यंत. वेग आपोआप पडतो, आणि तो पडल्यावरच पुढचे वळण सुरू करावे.

आता औलीचे व्यवहार. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ (आताचे ज्योतिर्मठ) येथे जमीन खचू लागल्यानंतर तेथून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे बंद करण्यात आला. त्यामुळे रस्त्याने वर जाण्याचाच बेत धरून चालावे आणि ताजी बर्फवृष्टी झालेल्या दिवशी तो रस्ता अडू शकतो, हे लक्षात घेऊन एक दिवस हातचा राखावा. बर्फ हा दुसरा भरवशाचा नसलेला घटक आहे. हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी झंझावातांमुळे पडतो आणि अलीकडच्या काही वर्षांत जानेवारीचा बराच भाग कोरडा गेल्याने औलीतील स्पर्धा रद्द करण्याची वेळ आली आहे. तेथे कृत्रिम बर्फ तयार करण्याच्या तोफा आणि त्यांना पाणी पुरवणारे तळे आहे. परंतु अशा तोफांना हवा पुरेशी थंड आणि कोरडी लागते, दमट हवेत शून्याच्या आसपासचे तापमान पुरत नाही. म्हणून आगाऊ तिकिटे काढून मोकळे होण्यापेक्षा तारखा थोड्या लवचिक ठेवाव्यात आणि फेब्रुवारीला झुकते माप द्यावे.

गुलमर्गला जरूर जा, पण त्यानंतर. तेथे गोंडोलाच्या, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्यावरील कोंगडोरीपासून खाली गुलमर्गपर्यंत झाडीतून येणारे उतार मध्यम पातळीच्या स्कीपटूला भरपूर आनंद देतात. दुसरा टप्पा मात्र अफरवट शिखराच्या अंगावर ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो, आणि तेथील बहुतेक भूभाग यंत्राने दाबलेला नसतो. तो हिमस्खलनाचा प्रदेश आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरलेल्या मार्गांबाहेर गेलेल्या परदेशी स्कीपटूंच्या एका गटावर हिमस्खलन कोसळून त्यांतील एकाचा मृत्यू झाला. गोंडोलाचे तिकीट मिळते म्हणून तो उतार आपल्यासाठी आहे असे होत नाही. आपल्याला शिस्तीत शिकायचे असेल तर मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेच्या स्की अभ्यासक्रमांमध्ये प्राथमिकनंतर मध्यम अशी स्वतंत्र पायरी आहे, तिचाही विचार करावा.

प्रश्न : औलीच्या वरच्या टोकापासून गोरसों बुग्यालला स्कीवर जाता येईल का? तेथील उतार सौम्य आहे असे ऐकतो. (एक वाचक, नाशिक)

उतार सौम्य आहे आणि जागा अतिशय देखणी आहे, पण बुग्याल म्हणजे डोंगरावरचे गवताळ कुरण. त्यावरचा बर्फ दाबलेला नसतो. गुडघाभर मऊ बर्फात मध्यम पातळीची वळणे चालत नाहीत, स्की पडल्यावर शोधावी लागते आणि परतीची वाट पायी असते. स्थानिक मार्गदर्शकाबरोबर पायी जाऊन यावे. स्की लिफ्टपाशी ठेवाव्यात.

प्रश्न : आम्ही चौघे पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातील एका लहानशा गावी स्कीइंगसाठी जाणार आहोत. माझी बहीण अमेरिकेत ‘ब्लू’ मार्गांवर स्की करते आणि आपण सगळे मध्यम पातळीचे असल्याने तेथेही निळे मार्गच घ्यावेत असे सांगते. दुसरीकडे आमचा एजंट ‘मध्यम म्हणजे लाल’ असे म्हणतो. खरे कोणाचे? (एक वाचक, नागपूर)

दोघांचेही, आपापल्या खंडापुरते. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा मार्ग, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळी चौकट, म्हणजे ब्लॅक डायमंड, म्हणजे अवघड. ही पद्धत १९६० च्या दशकात तेथे रूढ झाली. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी आणि इटली येथे निळा मार्ग सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड असतो. फ्रान्स आणि स्पेनमध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. त्यामुळे आपल्या बहिणीने ऑस्ट्रियात निळे मार्ग धरले तर तिला ते काहीसे मिळमिळीत वाटतील आणि उलट ऑस्ट्रियातील निळ्यावर शिकलेला माणूस अमेरिकेतील निळ्यावर गेला तर दचकेल.

आकड्यांत सांगायचे तर आल्प्समधील जर्मन भाषक देशांत निळा मार्ग साधारण २५ टक्के उतारापर्यंत आणि लाल ४० टक्क्यांपर्यंत मानतात. मधले लहानसे तीव्र तुकडे त्यात सोडून दिलेले असतात. टक्के म्हणजे अंश नव्हेत, हे येथे ध्यानात ठेवावे. २५ टक्के म्हणजे आडव्या शंभर मीटरमागे पंचवीस मीटरची उतरण, आणि तो कोन अवघा १४ अंशांचा होतो. ४० टक्के म्हणजे सुमारे २२ अंश. कागदावर बावीस अंश किरकोळ दिसतात. लालच्या तोंडाशी उभे राहून स्कीच्या टोकांपुढे पाहिल्यावर मात्र पुढच्या उताराचा काही भाग नजरेआड गेलेला असतो आणि तेव्हा आकड्यांवरचा विश्वास डळमळतो.

पण आकडेही सगळे सांगत नाहीत. उत्तर अमेरिकेत मार्गांना रंग देणारी कोणतीही मध्यवर्ती संस्था नाही. प्रत्येक केंद्र आपल्याच डोंगरावरील मार्गांची परस्पर तुलना करून रंग ठरवते. म्हणून तीनशे मीटर उंचीच्या टेकडीवरचा ‘मध्यम’ हा त्या टेकडीवरचा मध्यम असतो. मोठ्या डोंगरावर तोच मार्ग हिरव्यात गेला असता. याच्या उलटही घडते. लहान केंद्राला सर्वांसाठी काही ना काही दाखवायचे असल्याने, वाट अरुंद असूनही किंवा मध्येच एक खडा टप्पा असूनही एखाद्या मार्गावर निळी पाटी लागलेली असते. युरोपात मोजमापाची शिस्त अधिक आहे, तरी मार्गाची रुंदी, बर्फाची त्या दिवशीची अवस्था आणि गर्दी या तीन गोष्टी कोणत्याही पाटीवर लिहिलेल्या नसतात. तीस मीटर रुंद लाल मार्ग हा सहा मीटर रुंद निळ्या वाटेपेक्षा पुष्कळ सोपा असतो, कारण रुंद जागेत पूर्ण वळण घेता येते. जंगलातून वळसे घालत जाणाऱ्या अरुंद निळ्या वाटा मला स्वतःला लाल उतारांहून जास्त त्रासदायक वाटतात. तेथे वळायला जागा नसते आणि स्नोप्लाऊ धरून धरून पाय कळवळतात.

ऑस्ट्रियातील लहान गावात गेल्यावर पहिल्या सकाळी निळ्या मार्गावर दोन फेऱ्या करा, दोन्ही बाजूंची वळणे सारखी येत आहेत ना हे पाहा आणि मग सर्वात रुंद लाल मार्ग कोणता हे लिफ्टवरच्या कर्मचाऱ्याला विचारा. रंग विचारण्यापेक्षा रुंदी विचारलेली बरी. आणि ‘स्की रूट’ म्हणून वेगळ्या खुणेने दाखवलेल्या वाटा टाळा. त्या सहसा दाबलेल्या नसतात आणि दिवसअखेर त्यांवर शेवटची फेरी मारून पाहणारेही कोणी नसते.

कधी फ्रान्सला गेलात, तर धुक्यात उपयोगी पडणारी एक खूण लक्षात असू द्या. मार्गाच्या कडेच्या खांबांवर आकडे असतात आणि खाली येताना ते उतरत उतरत एकवर येतात. शिवाय उताराकडे तोंड केल्यावर उजव्या काठाच्या खांबांचा माथा नारिंगी असतो. त्यामुळे काहीच दिसत नसताना आपण मार्गाच्या कोणत्या बाजूला आहोत हे कळते.

प्रश्न : आम्ही बॉस्टनजवळ राहतो आणि वॉचुसेट माउंटन या छोट्या केंद्रावर स्कीइंग करतो. शनिवारी सकाळी मी आणि माझा मुलगा तेथील कॉनिफर कनेक्शन हा निळा मार्ग आरामात उतरलो. बुधवारी ऑफिस सुटल्यावर दिव्यांच्या उजेडात तोच मार्ग धरला, तर मला उभेही राहवेना. मुलगा मात्र मजेत खाली गेला. मी शनिवारी मध्यम आणि बुधवारी नवशिका, असे कसे? (एक वाचक, मॅसॅच्युसेट्स)

आपण दोन्ही दिवशी तेवढेच होता, मार्ग बदलला होता. वॉचुसेटचा माथा २,००६ फूट, म्हणजे सुमारे ६११ मीटर उंच आहे आणि स्कीची एकूण उतरण सुमारे एक हजार फूट आहे. इतक्या कमी उंचीवर आणि अटलांटिकच्या इतक्या जवळ हिवाळाभर एकच हवामान टिकत नाही. दिवसा पाऊस किंवा वितळ, रात्री गोठण, असा खेळ चालू राहतो. त्यातच तेथील बर्फाचा मोठा हिस्सा यंत्रांनी तयार केलेला असतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फाचे कण चांदणीसारखे, हवा धरून ठेवणारे असतात. यंत्रातून निघालेले कण म्हणजे गोठलेले बारीक थेंब असतात, ते घट्ट बसतात आणि वितळून पुन्हा गोठले की काचेसारखे होतात. सकाळी यंत्राने खरवडून ठेवलेल्या पट्ट्यावर शेकडो लोक दिवसभर उतरतात, वरचा मऊ थर कडेला ढकलला जातो आणि संध्याकाळी मधोमध निव्वळ कडक थर उरतो. पाटीवर निळा चौकोन होता तेथेच असतो, पण त्या तासाला तो उतार एका रंगाने वर गेलेला असतो.

उपाय त्यातूनच निघतो. मऊ बर्फ कडेला गेलेला असल्याने वळण कडेला घ्यावे आणि मधला चकचकीत भाग सरळ, स्की सपाट ठेवून, काहीही न करता ओलांडावा. ‘काहीही न करता’ हे शब्द मी मुद्दाम लिहितो. चकाकणारा तुकडा पायाखाली आला की माणूस दचकून कडा रोवायला जातो, त्या धरत नाहीत आणि पाय एकदम बाजूला निसटतात. तेथे वळायचे नाही आणि थांबायचेही नाही. तुकडा संपला की स्कीखालचा आवाज खणखणीत खरखरीपासून मऊ सरसरीत बदलतो आणि कडा पुन्हा धरू लागतात. मग खुशाल वळावे. दाब हळूहळू वाढवावा, पाय नेहमीपेक्षा किंचित फाकलेले असावेत आणि दोन वळणांमध्ये घाई करू नये.

मुलगा मजेत गेला यात नवल नाही. त्याचे वजन कमी, गुरुत्वमध्य खाली आणि मनात हिशेब नाही. बहुधा त्याच्या स्कीच्या कडाही धारदार असतील. आपल्या कडांवर नख आडवे ओढून पाहा. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे, नख नुसते घसरले तर दुकानातून धार लावून आणा. न्यू इंग्लंडमध्ये कडांची धार ही वळणाच्या तंत्राइतकीच महत्त्वाची आहे. काळसर काचेचे गॉगल संध्याकाळी वापरू नका. पारदर्शक किंवा पिवळसर काच लावा. दिव्यांचा प्रकाश तिरपा पडत असल्याने रात्री उंचवटे सावलीमुळे उलट अधिक स्पष्ट दिसतात, ढगाळ दुपारी दिसतात त्याहून बरेच चांगले. आणि संध्याकाळच्या सत्राआधी बर्फ खरवडणारे यंत्र पुन्हा फिरवतात का, हे केंद्रावर विचारून ठेवा. फिरवत असतील तर पहिला तास आपला.

प्रश्न : भाड्याचे बूट आणि स्की घेताना काय पाहावे? पहिल्या वर्षी माझ्या नडग्या सोलून निघाल्या होत्या. (एक वाचक, कोल्हापूर)

दोष बहुधा मोज्यांचा किंवा सैल बुटांचा असावा. बुटात एकच पातळ, लांब मोजा घालावा. दोन जाड मोजे घातले की घड्या पडतात आणि थर्मलची कड मोज्यात कोंबली तर तीच नडगीत रुतते. बुटाचा आतला मऊ भाग बाहेर काढून रिकाम्या कवचात पाय घाला, बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. एक ते दीड बोट पुरे. आतला भाग बसवून बकले लावल्यावर ताठ उभे राहिलात की बोटे पुढे अलगद टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर तो बूट परत करावा, दुकानदार ‘वापरून सैल होईल, मग बरा वाटेल’ असे कितीही सांगो.

मध्यम पातळीसाठी स्कीची लांबी हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान असावी. सर्वात महत्त्वाचे म्हणजे बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आकडा. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराने सुटावा हे त्यावर ठरते आणि तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यात पाहून लावायचा असतो. नुसते तोंडाकडे पाहून स्क्रू फिरवणाऱ्याला थांबवून ही माहिती द्या. वजन सांगताना लाजू नका. स्की मध्येच सुटली म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आकडा वाढवून घेणे हा गुडघ्याशी केलेला जुगार आहे.

प्रश्न : माझे वय ५४ आहे. प्राथमिक अभ्यासक्रम झाला असून मध्यम उतारावर जायची इच्छा आहे, परंतु घरचे गुडघ्यांची धास्ती घालतात. जावे का? शिवाय गर्दीत कोणी मागून येऊन धडकले तर चूक कोणाची धरतात? (एक वाचक, ठाणे)

गुडघ्याला पूर्वी अस्थिबंधाची दुखापत झालेली असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये. तसे काही नसेल तर वय आड येत नाही, तयारीचा अभाव येतो. जाण्याआधी दोन महिने जिना उतरण्याचा सराव करा, चढण्याचा नव्हे. स्कीइंगमध्ये मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि सावकाश पायरी उतरताना तो तसेच काम करतो. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखे बसण्याचा व्यायामही उपयोगी आहे.

गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाच्या दुखापती पुष्कळदा एका ठरावीक स्थितीत होतात. अंग मागे गेलेले, कंबर गुडघ्यांच्याही खाली, वरच्या बाजूचा हात मागे आणि सगळा भार खालच्या स्कीच्या शेपटाच्या आतल्या कडेवर. म्हणून तोल गेल्यावर बसकण मारून वाचण्याचा प्रयत्न करू नये. हात पुढे आणावेत, पाय एकत्र घ्यावेत आणि पडायचेच असेल तर कुशीवर पडावे. घसरणे थांबेपर्यंत उठायची धडपड करू नये. दुपारी पाय थकल्यावर ‘एक शेवटची फेरी’ हा मोह तर आवर्जून टाळावा, लिफ्टने खाली येण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा. औलीसारख्या ठिकाणी तीन हजार मीटर उंचीवर दम लवकर लागतो, तेव्हा पहिला दिवस निम्माच ठेवा. उन्हाचाही विचार करा. उंचीच्या दर हजार मीटरमागे अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरणे परत फेकतो. गॉगल आणि क्रीम ढगाळ दिवशीही लागते, नाकाच्या खालच्या बाजूलासुद्धा.

धडकेबाबत ‘फिस’ची दहा कलमांची वर्तनसंहिता आहे, ती १९६७ पासून चालत आली आहे. तिच्यानुसार पुढे, म्हणजे उतारावर खाली असलेल्या व्यक्तीचा अग्रहक्क असतो आणि मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची असते की पुढच्याला धोका होणार नाही. ओलांडणाऱ्याने, पुढचा माणूस कसाही वळला तरी पुरेल एवढी जागा सोडायची असते. म्हणजे मागून धडकणाऱ्याची चूक धरली जाते. मात्र पुढच्यावरही काही बंधने आहेत. थांबल्यावर पुन्हा निघताना आधी वरच्या बाजूला पाहावे लागते, तसेच अरुंद जागी किंवा वरून न दिसणाऱ्या उंचवट्याखाली थांबायचे नसते. औलीच्या उतारावर ही दुसरी चूक फार दिसते. छायाचित्रे काढणारे पर्यटक नंदादेवीकडे तोंड करून मधोमध उभे असतात आणि वरून येणाऱ्याला ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. त्यांना संहिता ठाऊक असण्याची अपेक्षा नाही, तेव्हा दिसेनासा होणारा प्रत्येक उंचवटा आपणच वेग कमी करून ओलांडावा. प्रत्यक्ष धडक झालीच, तर दोन्ही पक्षांनी आणि पाहणाऱ्यांनी नाव-पत्ता देणे हेही त्याच संहितेत येते. जखमी व्यक्तीच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवून ठेवाव्यात, म्हणजे मागून येणारे दुरूनच बाजूला होतात, आणि गस्तीचे लोक येईपर्यंत तिला हलवू नये.